नाव राहू द्या, घड्याळ बदला : गेब न्यूएल यांना खुले पत्र

श्री. गेब न्यूएल यांस,
वाल्व्ह कॉर्पोरेशन, बेलव्ह्यू, वॉशिंग्टन



तुमच्या स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात ‘वॉकिंग सिम्युलेटर’ नावाचा एक कप्पा आहे. ज्या गेममध्ये बंदूक नाही, गुण नाहीत, बहुतेक वेळा मरणंही नाही, नुसतं चालायचं, बघायचं, ऐकायचं, कुणाची तरी चिठ्ठी वाचायची आणि पुढे जायचं, असे गेम त्या कप्प्यात पडतात. पडतात असंच म्हणायला हवं, कारण बनवणाऱ्यांनी हे नाव मागितलेलं नव्हतं. वैतागलेल्या खेळाडूंनी ते चिकटवलं. ‘नुसतं चालायचं? मग हा कसला गेम?’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुढे दहा-बारा वर्षं त्यावर वाद झाला. नाव बदला म्हणणारे आले, तेच नाव मिरवणारे आले, असा काही प्रकारच नाही म्हणणारेही आले. मी या वादात उशिरा पडतोय आणि माझं म्हणणं या तिघांपैकी कुणालाच पुरतं पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

पत्र तुम्हालाच लिहिण्याचं कारण साधं आहे. या वादात बनवणाऱ्यांवर टीका झाली, समीक्षकांवर झाली, तक्रारखोर खेळाडूंवरही झाली. दुकानदार मात्र नामानिराळा राहिला. वास्तविक हा प्रकार तुमच्याच घरात जन्माला आला, त्याची पाटी तुमच्याच भिंतीवर लागली आणि त्याचं मोजमाप तुमच्याच गल्ल्यावर होतं. त्यामुळे उत्तर द्यायचं तर तुम्हीच द्यायला हवं.

जन्माचं आधी सांगतो. 2008 मध्ये इंग्लंडातल्या पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक या संशोधकांनी एक प्रश्न हाती घेतला: शूटर गेममधून गोळीबारच काढून घेतला तर उरतं काय? त्यासाठी त्यांनी वापरला तुमचा ‘हाफ-लाइफ 2’ आणि त्याचं सोर्स इंजिन. त्यातून ‘डिअर एस्थर’ झाला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीजमधलं एक ओसाड बेट, वारा, आणि एका पुरुषाचा आवाज. तो एस्थरला उद्देशून पत्रं वाचतोय. त्यातला कुठला तुकडा कानावर पडेल हे दर खेपेला बदलतं. पळता येत नाही, उडी मारता येत नाही, दार उघडायला कळसुद्धा नाही. गुहेत शिरलं की टॉर्च आपोआप लागतो. तेवढंही काम खेळणाऱ्याकडे ठेवलेलं नाही. पुढे रॉबर्ट ब्रिस्को यांनी ते बेट नव्याने उभं केलं, जेसिका करी यांचं संगीत त्याला होतंच, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये हा गेम स्टीमवर विक्रीला आला. सहा तासांच्या आत त्यात घातलेले पैसे वसूल झाले. गिऱ्हाईक होतं, फक्त त्या गिऱ्हाइकाला काय हवं होतं त्याला अजून नाव नव्हतं.

आणि खरं बोलायचं तर पिंचबेक यांनी जे करून दाखवलं त्याची अर्धी वाट तुम्हीच पाडून ठेवलेली होती. 1998 चा ‘हाफ-लाइफ’ सुरू होतो तेव्हा त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन एका ट्रॅमच्या डब्यात उभा असतो. ट्रॅम ब्लॅक मेसा या संशोधन केंद्राच्या पोटात शिरत जाते. डब्यातल्या डब्यात चालता येतं, काचेतून बाहेर बघता येतं, बस. बाहेर एक पहारेकरी बंद दारावर थापा मारत असतो. वरून निवेदनाचा आवाज वेळ आणि तापमान सांगत असतो. पुढे विश्रांतीच्या खोलीत कुणाचं तरी जेवण मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेलं असतं. बटण दाबत राहिलं तर ते फुटतं. हातात पहार यायला बराच अवकाश असतो. ‘हाफ-लाइफ 2’ ची सुरुवात तर त्याहून पुढची. सिटी 17 च्या स्टेशनात एक शिपाई मुद्दाम रिकामा कॅन खाली पाडतो आणि तो उचलून कचरापेटीत टाकायला तुम्हाला फर्मावतो. टाकला तर तो हसतो आणि वाट सोडतो. तो कॅन त्याच्याच अंगावर भिरकावला तर दंडुका खावा लागतो. एका रिकाम्या कॅनमधून ती सगळी राजवट कळते, एक गोळी सुटलेली नसताना. याला वॉकिंग सिम्युलेटर म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढे पहार मिळणार होती ना!

तर असं आहे. चालत चालत गोष्ट सांगायची कला तुमच्या शाळेतली. डेव्ही रेडन यांचा ‘द स्टॅन्ली पॅरबल’ सुद्धा 2011 मध्ये आधी सोर्स इंजिनवरचा फुकट मॉड (मूळ गेममध्ये फेरफार करून केलेला गेम) म्हणूनच आला. एप्रिल 2018 मध्ये तर तुम्ही ‘फायरवॉच’ बनवणारा कँपो सँटो हा सबंध स्टुडिओच वाल्व्हमध्ये घेतलात. ज्या प्रकाराला तुमचं गिऱ्हाईक नाकं मुरडत होतं, त्यातली उत्तम माणसं तुम्हाला आपल्या पंगतीला हवी होती. यात तुमची निवड चुकली असं मी म्हणत नाही. निवड अचूक होती, म्हणूनच तर बोलतोय.

आता पाटीचं. फेब्रुवारी 2014 मध्ये तुम्ही टॅग आणले. कुठल्या गेमला काय म्हणायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवावं, ही कल्पना वाईट नव्हती. पण पहिल्याच दिवसांत काय झालं? फुलब्राइट या पोर्टलंडच्या छोट्या स्टुडिओचा ‘गॉन होम’ सहा महिन्यांपूर्वी येऊन गाजला होता. त्यावर ‘हा गेमच नाही’ छापाचे शेरे टॅग म्हणून लागले. काहींचा राग किमतीवर होता: वीस डॉलर देऊन दोन-तीन तासांत संपतो, हे त्यांना पटत नव्हतं. तो राग मला समजतो. काहींचा राग मात्र गोष्टीवर होता. रिकाम्या घरात धाकटी बहीण कुठे गेली ते शोधता शोधता कळतं की तिचं एका मुलीवर प्रेम आहे. एवढ्यानेच कित्येकांचं पित्त खवळलं. पुढे असले शेरे आवरले गेले, ‘वॉकिंग सिम्युलेटर’ मात्र टिकलं आणि यथावकाश दुकानातला रीतसर प्रकार होऊन बसलं.

गेमच्या प्रकारांची नावं तर्काला धरून पडतात असं मात्र कुणी समजू नये. ती दोनच रीतींनी पडतात. एक, हाताला काय काम आहे त्यावरून, जसं शूटर. दुसरी, पूर्वजावरून. 1993 मध्ये ‘डूम’ आला आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक शूटरला ‘डूम क्लोन’ म्हटलं गेलं. डूमसारखं नसलेलं इतकं काही आलं की शेवटी ते नाव गळून पडलं. 1980 च्या ‘रोग’ वरून ‘रोगलाइक’ पडलं आणि त्यात नेमकं काय बसतं हे ठरवायला 2008 मध्ये बर्लिनला जाणकार मंडळी बसली, निकषांची यादी केली. भांडण आजही चालू आहे. मुळात नाव ठेवणारा घाईत असतो. त्याला दुकानात बोट दाखवायचं असतं, व्याख्या करायची नसते.

‘वॉकिंग सिम्युलेटर’ची गंमत अशी की यातला एकही शब्द खरा नाही. सिम्युलेटर म्हणजे एखादी गोष्ट बारकाईने हुबेहूब करून दाखवणं. ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ मध्ये मागचा ट्रेलर धक्क्याला नीट लावताना घाम फुटतो, ते सिम्युलेटर. ‘डिअर एस्थर’मध्ये मान खाली घालून बघितलं तर पायच नाहीत! एक कॅमेरा जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवरून सरकत असतो. चालण्याचं खरं सिम्युलेशन हवं असेल तर बेनेट फॉडी यांचा 2008 चा ‘क्वॉप’ बघा. त्यात धावपटूच्या दोन मांड्या आणि दोन पोटऱ्या यांना चार वेगळ्या कळा आहेत आणि पहिल्या पावलालाच माणूस तोंडावर आपटतो. किंवा हिदेओ कोजिमा यांचा 2019 चा ‘डेथ स्ट्रँडिंग’. पाठीवर पेट्यांची चळत, तोल गेला की दोन बोटांनी दोन ट्रिगर दाबून खांदे सावरायचे, नदी ओलांडताना पाणी किती खोल आहे ते आधी बघायचं, बूट झिजले की बदलायचे. त्यावर ‘हा तर वॉकिंग सिम्युलेटर’ अशी थट्टा झाली, तेव्हा या नावाच्या इतिहासात पहिल्यांदाच ते थोडंफार लागू पडलं होतं. कोजिमांनी स्वतः त्याला ‘स्ट्रँड गेम’ असं नवं नाव दिलं. त्यांच्याशिवाय फारसं कुणी ते वापरत नाही.

नावावरची माझी खरी तक्रार वेगळी आहे. अपमान जुना झाला, त्याची धार गेली. पण या एका पाटीखाली जे गेम एकत्र कोंबले जातात त्यांत हाताला मिळणारं काम इतकं वेगळं आहे की पाटी काहीच सांगत नाही. ‘गॉन होम’मध्ये कपाटातली वस्तू उचलता येते, फिरवून बघता येते आणि एका कळीने जिथली तिथे परत ठेवता येते. ती परत ठेवली नाही म्हणून काही बिघडत नाही, गुण जात नाहीत. तरी माणसं ठेवतात. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खोलीत आपण आहोत ही जाणीव त्या एका कळीत आहे. ‘फायरवॉच’मध्ये सगळा खेळ बोलण्याचा. 1989 चा उन्हाळा, वायोमिंगचं जंगल, वणव्यावर नजर ठेवणारा हेन्री आणि वॉकी-टॉकीवर डिलायला. ती काही विचारते, उत्तराला थोडाच वेळ असतो, आणि गप्प राहिलं तर तेही उत्तर म्हणून तिच्या लक्षात राहतं.

आणि ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’. ज्यांनी हा खेळला नाही त्यांच्यासाठी त्यातला एकच प्रसंग सांगतो, कारण ‘नुसतं चालायचं’ या आरोपाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही. लुईस फिंच मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. उजव्या हाताने मासा पकडायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की उरलेला मासा पुढच्या पट्ट्यावर फेकायचा. पुन्हा मासा. पुन्हा पातं. मग पडद्याच्या कोपऱ्यात लुईसच्या मनातलं एक छोटंसं जग उगवतं आणि डाव्या हाताने त्यात एका माणसाला चालवायचं असतं. सुरुवातीला तो चक्रव्यूह बोटभर असतो. हळूहळू ते जग वाढतं, त्याला रंग येतात, गावं येतात, संगीत येतं, माशांचा कारखाना मागे मागे ढकलला जातो. आणि या सगळ्या वेळात उजवा हात थांबत नाही! न बघता मासा, पातं, फेक. काही मिनिटांनी लक्षात येतं की आपण मासे कापतोय हे आपण विसरलो होतो. लुईसचं पुढे काय झालं ते सांगत नाही. एवढंच म्हणतो की कंटाळवाण्या कामात मन भरकटतं म्हणजे काय होतं, हे मी कथेत वाचलंय, सिनेमात बघितलंय. पण दोन हातांची अशी फारकत करून ते अंगावर आणणं गेमलाच शक्य होतं. 2018 चा बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार याला मिळाला, आणि स्पर्धेत ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ होता. तुमच्या दुकानात हाही वॉकिंग सिम्युलेटरच.

मग नाव बदलावं का? बदलू नका. पर्याय काय काय आले ते बघा म्हणजे माझं म्हणणं कळेल. बेल्जियमच्या टेल ऑफ टेल्स या जोडीने 2010 च्या सुमारास ‘नॉटगेम्स’ असा झेंडा उभारला. शत्रूची शिवी स्वतःच्याच छातीवर लावून घेण्यातला तो बाणेदारपणा मला आवडतो, पण ज्याने कधी या वाटेला पाऊल टाकलं नाही त्याला त्यातून काय कळणार? फुलब्राइटने ‘स्टोरी एक्स्प्लोरेशन’ म्हटलं. ते प्रामाणिक होतं, रुळलं नाही. ‘कोझी’ नावाचा गुबगुबीत शब्द अलीकडे सगळं पोटात घेत चाललाय. टोरांटोत बनलेला ‘वेन्बा’ हा तमिळ कुटुंबाचा गेम घ्या. आपल्या आईच्या वहीतल्या फाटक्या पानांवरून वेन्बा पदार्थांच्या कृती जुळवत जाते आणि तिचा मुलगा आपल्या भाषेपासून तुटत जातो, हे त्यात बघावं लागतं. रंग गोड आहेत, स्वयंपाक आहे, म्हणून त्याला कोझी म्हणायचं? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ‘नॅरेटिव्ह एक्स्पीरिअन्स’. एक्स्पीरिअन्स काय, हल्ली बिल्डरही विकतो. ‘वॉकिंग सिम्युलेटर’ खोटं असेल, कुजकट असेल, पण ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं.

आम्हा मराठी वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटतं, हे जाता जाता सांगतो. आमच्याकडे ना. सी. फडके होऊन गेले. तुम्हाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. ज्यात काही घडत नाही, कुणी जिंकत-हरत नाही, लेखक नुसता इकडेतिकडे बघत गप्पा मारतो, अशा लेखनाला त्यांनी गुजगोष्ट म्हटलं. कुणी त्याला लघुनिबंध म्हटलं, मग ललित निबंध आला, ललित गद्य आलं. हे साहित्य आहे की फावल्या वेळचा उद्योग, यावर बरीच शाई खर्च झाली. नावं बदलत गेली; इरावती कर्वे आणि दुर्गा भागवत लिहीत गेल्या. त्यांच्या पुस्तकांवर कुठलं लेबल आहे हे आज कुणी बघत नाही. पण पुस्तकं दुकानात सापडत राहिली, हे महत्त्वाचं.

सापडणं हाच मुद्दा आहे. ज्या नावाने पूर्वी लोक हिणवत होते, त्याच नावाने आज लोक शोधतात. ‘मला असलं काहीतरी आणखी हवंय’ म्हणणारा माणूस तो टॅग दाबतो आणि खाली यादी उघडते. मोठ्या कंपन्यांना याची गरज नाही, त्यांची जाहिरात बसथांब्यावर असते. गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओला ती आहे. त्यांचा 2021 चा ‘फॉरगॉटन फील्ड्स’ म्हणजे लिखाण अडलेला एक लेखक, समुद्राकाठचं विकायला निघालेलं लहानपणीचं घर, आणि तिथला अखेरचा मुक्काम. यात जिंकायचं काय? काही नाही. डहाणू-तलासरी ओलांडून गुजरातेत शिरलं की वापीजवळ चला म्हणून ठिकाण आहे, तिथे स्टुडिओ ओलिओमिंगस आहे. त्यांच्या ‘अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स’मध्ये प्रचंड आकाराच्या वस्तूंनी भरलेल्या दालनांतून हिंडायचं आणि मीर उमरहसन नावाच्या, कधीच न होऊन गेलेल्या कवीच्या नावावरच्या गोष्टी वाचायच्या. फुकट आहे. अशा लोकांच्या पायाखालची पाटी काढून घेऊन तिथे कुणीच शोधत नाही असा सभ्य शब्द लावला, तर मान वाढेल आणि गिऱ्हाईक जाईल. आमच्याकडे आधीच ‘गेमिंग’ म्हटलं की वर्तमानपत्रांना रमी आणि सट्टा दिसतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा पैशांचे गेम, ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम असे वेगवेगळे कप्पे पाडावे लागले. या गर्दीत एकट्याने खेळायच्या संथ गेमला ओळखीची पाटी असलेली बरी.

नाव राहिलं. आता घड्याळ.

जून 2015 मध्ये तुम्ही रिफंडचा नियम आणला: विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत, कारण विचारणार नाही. नियम चांगला आहे. आमच्याकडे कॉलेजातलं पोरगं पाचशे रुपये महिनाभर साठवून एक गेम घेतं आणि तो त्याच्या जुन्या लॅपटॉपवर उघडतच नाही. त्याला पैसे परत मिळालेच पाहिजेत. पण हे दोन तास कुठून आले? साठ तासांच्या गेममध्ये दोन तास म्हणजे चव घेणं. दीड तासाच्या गेममध्ये ताट चाटूनपुसून झालेलं असतं. 2021 मध्ये एमिका गेम्स या नावाने एकट्याने काम करणाऱ्या एका माणसाचा ‘समर ऑफ 58’ आला. खेळणाऱ्यांचे अभिप्राय चांगले होते आणि तरीही, गेम दोन तासांच्या आत संपत असल्याने, खूप जणांनी तो पुरा करून पैसे परत घेतले. त्याने जाहीर केलं की आपण अनिश्चित काळासाठी गेम बनवणं सोडतोय. यात नियमभंग कुणीच केला नव्हता.

याचा परिणाम फक्त पैशांवर होत नाही, बनवण्यावर होतो. दोन तासांची रेघ ओलांडायची म्हणून माणसं गेम ताणतात. रिकामं चालणं वाढवतात, किल्ल्या लपवतात, आलेल्या वाटेने परत पाठवतात. आणि मग तुमचीच गिऱ्हाइकं म्हणतात, बघा, नुसतं चालायला लावतात. तासांवर गेम जोखणं म्हणजे रद्दीवाल्याने पुस्तक काट्यावर टाकण्यासारखं आहे. काटा खोटा नसतो, प्रश्न चुकीचा असतो. ‘गॉन होम’मध्ये एक अचीव्हमेंट आहे, गेम एका मिनिटाच्या आत पूर्ण करण्याचं. वाट ठाऊक असली की जमतं. मग तो गेम एका मिनिटाचा की तीन तासांचा? चायनीज रूम या स्टुडिओच्या ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’वर 2015 मध्ये ओरड झाली की चालणं फार हळू आहे, नंतर बनवणाऱ्यांनी कबूल केलं की एक ट्रिगर दाबून धरला की वेग वाढतो, तेवढं सांगायचंच राहिलं. घड्याळ हलवायला इतकंसं पुरतं.

कुणी म्हणेल, मग छोट्या मंडळींनी डेमो द्यावा. द्यावाच. टेल ऑफ टेल्सने 2008 मध्ये ‘द ग्रेव्हयार्ड’ असाच विकला होता. एक म्हातारी स्मशानातून काठी टेकत बाकापर्यंत जाते, बसते, गाणं ऐकते, परत फिरते. फुकटचा आणि विकतचा यांत फरक एकच: पैसे दिले तर ती बाकावर मरू शकते. डेमोची याहून भेदक चेष्टा कुणी केलेली नाही. पण प्रत्येक गेमला अशी जागा सापडत नाही. ज्याची गंमत सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका सलग बैठकीत आहे त्याचा तुकडा कापून देणार कसा?

म्हणून मागणी करतो ती अशी. गेम साधारण किती वेळाचा आहे हे बनवणाऱ्याने सांगावं आणि तुम्ही ते किमतीच्या शेजारी, विकत घ्यायच्या बटणाच्या वर, ठळक छापावं. दीड तास तर दीड तास. ज्याला कमी वाटेल तो घेणार नाही आणि ज्याला तेवढंच हवंय तो खूश होईल. नोकरी, घर सांभाळून खेळणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारची माणसं तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आहेत. गेम तीन तासांहून छोटा असेल तर रिफंडची मुदत कमी करा, अर्धा तास ठेवा, आणि हेही आधीच लिहा. लबाड लोक लांबीबद्दल खोटं बोलतील अशी भीती असेल, तर लोकांनी प्रत्यक्षात किती वेळ खेळलं याची नोंद तुमच्याकडे मिनिटामिनिटाची असते. खोटं दोन दिवसांत उघडं पडेल. शिवाय चालू न होणारा, सतत बंद पडणारा गेम परत करायला वेळेची अट कशाला हवी? ती त्या बाबतीत काढूनच टाका. पाचशे रुपयांच्या त्या पोराचं भलं त्यात जास्त आहे.

नियम बदलता येत नाहीत असं मात्र सांगू नका. लोक मोठे गेम अधिकृत तारखेआधी खेळून घ्यायचे आणि तो वेळ दोन तासांत धरला जायचा नाही, हे लक्षात आल्यावर एप्रिल 2024 मध्ये तुम्ही तो वेळही मोजायला लागलात. तेव्हा फट मोठ्यांच्या बाजूला होती, ती बुजवलीत. तेवढीच तत्परता आता छोट्यांसाठी दाखवा.

आणि उद्या कुणी विद्वान येऊन ‘वॉकिंग सिम्युलेटर’ऐवजी एखादा भारदस्त शब्द सुचवायला लागला, तर त्याचं ऐकू नका.

कळावे, लोभ असावा.

आपल्या दुकानाचं एक गिऱ्हाईक